अठरा हजार चौरस किलोमीटर, साडेतीन हजार माणसं: कॅट्रन काउंटीची सफर

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर. १७,०४८ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांहून जास्त लोक. न्यू मेक्सिको राज्याच्या पश्चिम कडेला, ॲरिझोनाला खेटून असलेली कॅट्रन काउंटी त्याहून थोडी मोठीच आहे, जवळजवळ १८ हजार चौरस किलोमीटर. तिची २०२० च्या जनगणनेतली लोकसंख्या ३,५७९.

माझे सासरे, आमचे अण्णा, पाथर्डी तालुक्यात ग्रामसेवक होते. सध्या आमच्याकडे अल्बुकर्कीला राहायला आलेत. मी हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "एवढी तर आमच्या एकेका गावाची मतदारयादी असते. मग तिथली माणसं गेली कुठं?" त्यांच्या या प्रश्नामुळेच सप्टेंबरअखेरीस आम्ही तिघं निघालो: अण्णा, माझा नवरा आणि मी. अण्णा गावोगावी हाच प्रश्न विचारत राहिले आणि प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं निघालं.

पहिला दिवस: मॅग्डालेना, डॅटिल, पाय टाउन

अल्बुकर्कीहून सोकोरोपर्यंत मोठा हायवे आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सोकोरोत पेट्रोलची टाकी गच्च भरली आणि हायवे ६० ने पश्चिमेला वळलो. मॅग्डालेना अजून सोकोरो काउंटीत येतं, पण कॅट्रनची गोष्ट इथूनच सुरू होते. १८८५ मध्ये इथवर रेल्वे आली आणि ॲरिझोनापासूनची सगळी गुरं-मेंढरं चालवत इथे आणून गाडीत चढवली जाऊ लागली. स्प्रिंगरव्हिल ते मॅग्डालेना, सव्वाशे मैलांच्या आसपासची वाट. जनावरं दिवसाला जेवढं चालतील तेवढ्या अंतरावर पुढे विहिरी खोदल्या गेल्या. ही वाट १९७१ पर्यंत चालू होती. त्यातली एक विहीर डॅटिलला आहे, तिच्याभोवती आता तंबू ठोकायची जागा केली आहे. विहिरीच्या कठड्याशी अण्णा बराच वेळ उभे होते. आमच्याकडे मेंढ्या घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांचे वाडे त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेत. "पाण्याचा हिशेब ज्यानं केला त्यानं जनावर ओळखलं होतं," एवढंच ते म्हणाले.

मॅग्डालेना आणि डॅटिलच्या मध्ये सान ऑगस्टीनचं मैदान लागतं. समुद्रसपाटीपासून २,१०० मीटर उंचीवरचा, कोरड्या पडलेल्या प्राचीन तलावाचा हा तळ. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये पिवळं गवत, आणि त्या गवतात पांढऱ्या तबकड्या. व्हेरी लार्ज ॲरे ही रेडिओ दुर्बीण: २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या, तीन हातांच्या मांडणीत, रुळांवरून सरकवता येणाऱ्या. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी आहे, तिच्या ३० तबकड्या प्रत्येकी ४५ मीटरच्या. अण्णांनी तिथल्या तबकड्या पाहिलेल्या, त्यामुळे इथे त्यांना अगदी ओळखीचं वाटलं. खोडदच्या तबकड्यांच्या आजूबाजूला द्राक्षबागा आहेत, टोमॅटोचे मळे आहेत, माणसं आहेत. इथे तबकड्यांच्या पायाशी प्राँगहॉर्न हरणं चरत होती. अवकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत ऐकायचे तर माणसांचा गोंगाट दूर हवा, आणि डोंगरांच्या या कड्याने तो नैसर्गिकरीत्या अडवला जातो. रिकाम्या जागेचा इतका नेमका उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मैदान ओलांडलं की कॅट्रन सुरू होते. डॅटिलहून पुढे रस्ता चढत जातो आणि पाय टाउनला खंडाचा पाणलोट ओलांडतो. इथून पश्चिमेला पडलेला पाऊस पॅसिफिककडे जाणार, पूर्वेचा अटलांटिककडे.

पाय टाउन हे नाव खरंच पायवरून पडलं. हा पाय म्हणजे शरीराचा अवयव नव्हे, तर पापुद्र्यात फळांचं सारण भरून भाजलेला इंग्रजी 'pie'. १९२० च्या दशकात इथे खाणीच्या आशेने आलेला एक माजी सैनिक सुक्या सफरचंदांचे पाय विकू लागला आणि गावाला तेच नाव चिकटलं. पुढे १९३० च्या दशकात टेक्सास आणि ओक्लाहोमातून धुळीच्या वादळांनी हुसकावलेली कुटुंबं इथे आली, सरकारी जमीन घेऊन पिंटो बीन्स पेरू लागली. १९४० मध्ये रसेल ली या छायाचित्रकाराने सरकारी प्रकल्पासाठी या लोकांचे फोटो काढले. लाकडी ओंडक्यांची घरं, जमिनीत खणलेली घरं, गावजेवण, बायकांचं गोधड्या शिवणं. त्यातले काही रंगीत फोटो आज जगभर माहीत आहेत. त्यानंतर पाऊस कमी होत गेला, बीन्स पिकेनात आणि बहुतेक कुटुंबं उठून गेली.

अण्णांना हे उत्तर पटायला वेळ लागला नाही. पाथर्डीची निम्मी गावं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, घरात म्हातारी माणसं उरतात. "आमची परत येती," ते म्हणाले. "ही गेली ती गेलीच."

कॅफेतला पाय मात्र अजून आहे. सफरचंद, भाजलेली हिरवी मिरची आणि पिन्योन, म्हणजे इथल्या बुटक्या पाइन झाडांच्या बिया. आधी दालचिनी आणि गोडवा, मग जिभेच्या मागच्या बाजूला मिरची. मी एका तुकड्यावर थांबणार होते, थांबले नाही. अण्णा माळकरी आहेत, म्हणून सुरुवातीलाच विचारून घेतलं की पापुद्रा लोण्याचा आहे की लार्डचा, म्हणजे डुकराच्या चरबीचा. वाढणाऱ्या बाईंना प्रश्नाचं काहीच वावगं वाटलं नाही, त्यांनी आत जाऊन खात्री केली आणि लोण्याचा आणून दिला.

*शाकाहारी मंडळींसाठी:* डुकराची चरबी पायच्या पापुद्र्यात आणि शिजवलेल्या बीन्समध्येही असू शकते. हिरव्या मिरचीच्या रश्शात बहुधा डुकराचं मांस असतं. प्रत्येक ठिकाणी विचारा, लोक नीट सांगतात. चीज एन्चिलाडा, म्हणजे मक्याच्या पोळीत गुंडाळलेलं चीज, बहुतेक जागी मिळतो, त्यावरचा सॉस बिनमांसाचा आहे ना एवढं बघा. आम्ही सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घेतलं होतं, ते रोज उपयोगी पडलं. कॅफे आठवड्यातले मोजकेच दिवस आणि दुपारपर्यंतच उघडे असतात, फोन करून निघा.

पाय टाउनला आणखी एक गोष्ट बघायला मिळाली. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत पाणलोटाच्या कण्यावरून जाणारी पायवाट या गावातून जाते. चालणाऱ्यांसाठी इथे एक घर कायम उघडं असतं, फाटकावर जुने टोस्टर लटकवलेत म्हणून त्याला टोस्टर हाउस म्हणतात. कुणीही यावं, अंघोळ करावी, झोपावं, आधीच्यांनी ठेवलेलं खावं, जमेल ते ठेवून जावं. ओसरीवर एक तरुण मुलगी पायांना पट्ट्या बांधत बसली होती. जूनमध्ये मोंटानाहून निघालेली. अण्णांनी मला तिला विचारायला लावलं की रोज किती चालणं होतं, पाणी कोण देतं, पाय सुजले की काय लावता. आषाढीच्या दिंडीत माणसं एकमेकांना विचारतात तेच हे प्रश्न होते आणि तिने तितक्याच सरळपणे उत्तरं दिली. निघताना अण्णांनी तिला भडंगाचं पाकीट दिलं. तिने तिथेच फोडून खाल्लं आणि "हे आणखी कुठे मिळेल?" असं विचारलं.

रात्री केबिनबाहेर आलो तर थंडीने दात वाजायला लागले. सप्टेंबर असूनही पहाटे गवतावर बर्फाचा पातळ थर होता. आकाशगंगा इतकी ठळक होती की अण्णांनी आधी तिला ढग समजून "उद्या पाऊस येतोय" म्हटलं.

दुसरा दिवस: केमाडो ते रिझर्व्ह

केमाडो छोटं गाव आहे, नाश्ता करून लगेच निघालो. ज्यांना कलेची आवड आहे त्यांच्यासाठी मात्र हेच गाव महत्त्वाचं. १९७७ मध्ये वॉल्टर डी मारिया या कलाकाराने इथल्या पठारावर स्टेनलेस स्टीलचे ४०० खांब एक मैल बाय एक किलोमीटरच्या चौकटीत रोवले. लायटनिंग फील्ड. बघायचं तर तिथल्या केबिनमध्ये रात्रभर राहावं लागतं, एका वेळी फक्त सहा माणसं, मे ते ऑक्टोबर. केमाडोतून गाडीने नेतात आणि फोटो काढू देत नाहीत. आरक्षण फार आधी करावं लागतं. आम्हाला या वेळी जागा नव्हती.

केमाडोहून दक्षिणेला रस्ता ३२ ने अपाची क्रीकपर्यंत आणि तिथून रस्ता १२ ने रिझर्व्हला. हा पट्टा मला सगळ्या प्रवासात सर्वात आवडला. पाँडरोसा पाइनचं जंगल, मध्ये मध्ये मोकळी कुरणं, आणि तासाभरात समोरून आलेल्या मोजक्याच गाड्या. प्रत्येक चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा. थोड्या वेळाने माझा नवराही करू लागला. या सबंध प्रवासात काउंटीत आम्हाला एकही ट्रॅफिक सिग्नल लागला नाही.

*गाडीसाठी:* डॅटिल, केमाडो, रिझर्व्ह, जिथे पंप दिसेल तिथे टाकी भरा, अर्धी असली तरी. मोबाइलला तास-तासभर रेंज नसते, नकाशे आधी उतरवून ठेवा. संध्याकाळनंतर एल्क नावाची मोठी हरणं रस्त्यावर येतात. गायीएवढं हे जनावर अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, म्हणून सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठा.

रिझर्व्ह हे काउंटीचं मुख्यालय, लोकवस्ती तीनशेच्या आत. पूर्वी इथे सान फ्रान्सिस्को नदीकाठी स्पॅनिश भाषक शेतकऱ्यांच्या तीन वाड्या होत्या. जंगल राखीव झाल्यावर गावाचं नाव रिझर्व्ह झालं. गावात एल्फेगो बाकाचा पुतळा आहे. १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, या पोराने दारूच्या नशेत गोळीबार करणाऱ्या एका गुराख्याला पकडलं. मग गुराख्यांच्या टोळीने त्याला एका कुडाच्या झोपडीत गाठलं आणि ३३ तास गोळ्या झाडल्या. झोपडीची जमीन बाहेरच्यापेक्षा खोल होती म्हणून तो आडवा पडून वाचला. खटल्यात निर्दोष सुटला, पुढे वकील झाला. इथल्या स्पॅनिश घरांमध्ये तो अजून 'आपला माणूस' आहे, हे पुतळ्याजवळ भेटलेल्या एका आजोबांच्या बोलण्यातून कळलं. त्यांचे पूर्वज त्याच वाड्यांपैकी एकीतले.

मोटेलच्या मालकीणबाईंसमोर अण्णांची ग्रामसभाच भरली. मी दुभाष्या. किती सदस्य? तीन कमिशनर, निवडून आलेले. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, वेगळा निवडतात. दवाखाना? छोटं क्लिनिक आहे. रुग्णालय काउंटीत नाही, जास्त झालं तर सिल्व्हर सिटी, जवळजवळ शंभर मैल. रुग्णवाहिका? ती चालवणाऱ्यांत त्या स्वतः आहेत, बिनपगारी, रीतसर प्रशिक्षण घेऊन. त्यांचे यजमान सकाळी शाळेची बस चालवतात आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढतात. गावात कुणी एकच काम करत नाही, कारण तेवढी माणसंच नाहीत.

"जमीन कुणाची?" या प्रश्नावर त्या थोडा वेळ थांबल्या. काउंटीची अर्ध्याहून जास्त जमीन केंद्र सरकारची आहे, मुख्यतः हीला राष्ट्रीय वनाची. तिच्यावर काउंटीला मालमत्ता कर लावता येत नाही, बदल्यात केंद्राकडून ठरावीक रक्कम येते. वनखात्याची जमीन, चराईचे परवाने, त्यावरचे वाद हे सगळं अण्णांना मी समजावून द्यायची गरजच पडली नाही. गावात लाकूड कापायची गिरणी होती. ठिपकेवाल्या मेक्सिकन घुबडाला १९९३ मध्ये संरक्षण मिळालं, जंगलतोडीवर मर्यादा आल्या आणि त्याच दशकात गिरणीचं काम संपलं. तरुण कुटुंबं गेली, शाळेतली मुलं कमी झाली.

रात्री कॅफेत शेजारच्या टेबलावर गुरं पाळणारं एक वयस्कर जोडपं होतं. विषय लांडग्यांवर आला. मेक्सिकन लांडगा अमेरिकेतून पार संपवला गेला होता. १९९८ मध्ये बंदिवासात वाढवलेले लांडगे ॲरिझोनाच्या सीमेवर पुन्हा सोडले, आता दोन्ही राज्यांत मिळून अडीचशेहून जास्त आहेत आणि त्यातले पुष्कळ कॅट्रनमध्ये फिरतात. या जोडप्याची वासरं गेली होती. भरपाई मिळते, पण मारलं लांडग्यानेच हे सिद्ध करावं लागतं, आणि डोंगरात वासरू सापडेपर्यंत हाडंच उरतात. या भागात शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या मुलांसाठी लाकडी बंदिस्त चौक्याही उभारल्या गेल्या होत्या. पुन्हा सोडल्यापासून या लांडग्यांनी माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही, आणि लांडगा या जंगलात असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. पण त्याची किंमत अल्बुकर्कीत राहणारी मी मोजत नाही, ती या टेबलावरची माणसं मोजतात. अण्णांनी त्यांना जुन्नरच्या बिबट्यांबद्दल सांगितलं, उसातून येणाऱ्या. काकांनी मान हलवत विचारलं, "तुमच्याकडे भरपाईला किती महिने लागतात?" मग पुढचा तासभर दोघं पंचनामा या विषयावर बोलत होते.

तिसरा दिवस: ग्लेनवुड आणि मोगोयॉन

रिझर्व्हहून ग्लेनवुड तासाभराच्या आत. उंची कमी होते, पाइन मागे पडतात, सिकामोर आणि कॉटनवुड दिसू लागतात. इथलं आकर्षण म्हणजे कॅटवॉक: व्हाइटवॉटर दरीच्या उभ्या भिंतीला टांगलेला लोखंडी मार्ग, खाली प्रवाह. १८९३ मध्ये दरीच्या तोंडाशी सोन्या-चांदीची गिरणी होती, तिला पाणी पुरवायला दरीतून नळ टाकला. दुरुस्तीला कामगार त्या नळावरून चालायचे. गिरणी दहाएक वर्षांत बंद झाली, १९३० च्या दशकात तिथे पर्यटकांसाठी मार्ग बांधला गेला. २०१२ मध्ये वरच्या डोंगरात व्हाइटवॉटर-बाल्डी वणवा लागला, जवळजवळ तीन लाख एकर जळलं. जळक्या उतारांवर पाणी धरायला काही उरलं नाही, आणि २०१३ च्या पुराने दरीतला मार्ग उखडून नेला. आत्ताचा मार्ग २०१६ मध्ये खुला झाला.

आम्ही अर्ध्यावर पोचलो तेव्हा वरच्या बाजूला गडगडलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं. समोरून येणाऱ्या एका बाईंनी न विचारता सांगितलं, "वर वाजलं की परत फिरायचं." आम्ही फिरलो. गाडीशी पोचेपर्यंत प्रवाहाचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं.

दुपारी पाऊस ओसरल्यावर मोगोयॉनला गेलो. हायवेपासून नऊ मैल, पण तो रस्ता अरुंद आहे, काही ठिकाणी एकच गाडी जाईल एवढा, कडेला कठडा नाही. ट्रेलर नेऊ नका, ओल असेल तर विचार करा, हिवाळ्यात तर नकोच. नवरा गाडी चालवत होता, अण्णा हरिपाठ म्हणत होते.

खाली उतरल्यावर ओढ्याच्या काठाने एकच रस्ता आणि दोन्ही बाजूंना जुनी घरं. एके काळी इथे तीन हजारांहून जास्त माणसं राहत होती, म्हणजे आज सबंध काउंटीत राहतात जवळपास तेवढी या एका घळीत. दुकानं, नाटकगृह, शाळा, सगळं होतं. १९४२ मध्ये युद्धकाळात सरकारी आदेशाने सोन्याच्या खाणी थांबल्या आणि गाव उठलं. आता उन्हाळ्यात काही घरं उघडतात, शनिवार-रविवारी छोटं संग्रहालय आणि खाण्याची जागा चालू असते. आम्ही गेलो तेव्हा एक गृहस्थ छपराचा पत्रा ठोकत होते. त्यांनी हातातलं काम सोडून आम्हाला खाणीचा टेकाड दाखवला आणि अण्णांना बसायला खुर्ची आणून दिली. हिवाळ्यात इथे कोण असतं, विचारलं. "मी," म्हणाले, "आणि दोघं-तिघं." त्यांना गाव मोडकळीला आलेलं बघवत नाही, म्हणून दरवर्षी एका घराचं छप्पर करतात.

चौथा दिवस: हीलाची गुहाघरं

कॅट्रनचा दक्षिण-पूर्व कोपरा गाठायचा तर कॅट्रनमधून डांबरी रस्ता नाही. ग्लेनवुडहून काउंटीबाहेर पडून सिल्व्हर सिटीला जायचं आणि रस्ता १५ ने पुन्हा उत्तरेला काउंटीत शिरायचं. चव्वेचाळीस मैलांना दोन तास धरा, वळणं फार आहेत. मध्ये आडवं पसरलंय ते हीला वाइल्डरनेस. वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांनी पाठपुरावा केला आणि १९२४ मध्ये वनखात्याने हा भाग रस्ते आणि मोटारींपासून कायमचा मुक्त ठेवला, जगात अशा प्रकारचा पहिला. तिथे वस्ती नाही ती कुणी उठून गेलं म्हणून नव्हे, ती तशीच ठेवायची ठरवली म्हणून. पण त्याआधी इथे अपाची हे मूळ रहिवासी होते, त्यांचा प्रसिद्ध लढवय्या जेरोनिमो स्वतःचा जन्म हीला नदीच्या उगमाजवळचा सांगायचा. त्यांना सैन्याने हुसकावलं, ही गोष्ट निसर्गाचं कौतुक करताना गाळू नये.

गुहाघरं बघायला मैलभराची फेरी आहे, चढ दीडशे-दोनशे फुटांचा. अण्णा काठी टेकत सावकाश चढले. नैसर्गिक गुहांमध्ये दगड-मातीच्या भिंतींची चाळीसेक दालनं. छपराच्या लाकडांवरून काळ ठरला आहे: १२७० आणि १२८० ची दशकं. म्हणजे पैठणला आणि देवगिरीवर यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वर लहान होते, त्या सुमाराला मोगोयॉन संस्कृतीची दहा-पंधरा कुटुंबं इथे मका, भोपळा आणि बीन्स पिकवून राहत होती. जेमतेम एक पिढी. १३०० च्या सुमारास सोडून गेली. छतावर त्यांच्या चुलींची काजळी अजून आहे.

अण्णांनी रेंजरबाईंनाही तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, का गेली याला एकच कारण कुणी देत नाही, पण कुठे गेली ते इथल्या मूळ रहिवाशांपैकी पुएब्लो लोकांना विचारा, ते म्हणतात ती आमच्यात आली. त्यांच्यातले झुनी आणि आकोमा लोक आजही या जागेशी आपलं नातं सांगतात. अण्णांनी हे दोनदा माझ्याकडून समजून घेतलं आणि वहीत लिहिलं.

*कधी जावं:* सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारच्या पावसाने दऱ्यांत पूर येतात, मे-जूनमध्ये वणव्यांमुळे रस्ते बंद होऊ शकतात. शिकारीच्या हंगामात मोटेल भरलेली असतात, खोली आधी सांगून ठेवा. रोख पैसे जवळ ठेवा. उंचीवर पहिल्या दिवशी दम लागतो, वयस्कर माणसं सोबत असतील तर पाणी वारंवार द्या.

परत येताना डेमिंगवरून हॅचचा रस्ता घेतला. हॅच म्हणजे हिरव्या मिरचीचं गाव, रस्त्याच्या कडेला जाळीच्या पिंपात मिरच्या भाजणं चालू होतं आणि वास गाडीच्या बंद काचांतून आत येत होता. एक गोणी भाजून घेतली. घरी पोचल्यावर अण्णांनी खलबत्ता मागितला, मिरच्यांची साल काढली, लसूण, जिरं, मीठ आणि शेंगदाणे घालून ठेचा केला. आपल्या लवंगीपेक्षा तो सौम्य आहे, पण धुराची चव छान उतरते. साल काढताना मिरची पाण्याखाली धरू नका, धूर निघून जातो.